पाणी कुठे मुरतंय

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "विद्यापीठाचा परिसर पर्यावरणपूरक कसा करावा, यावर तुमच्या अनुभवातून लिहा," असं ते म्हणाले. माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी, की हे मला का विचारताहेत? विद्यापीठात पर्यावरणाचे प्राध्यापक आहेत, हरित समिती आहे, त्या समितीची उपसमिती आहे. मी स्थावर विभागातली निवृत्त अभियंता. गटारं, टाक्या, पाइप आणि गळकी छपरं यांच्यात माझी नोकरी गेली. म्हटलं, आधी ज्यांना विचारलं त्यांनी नाही म्हटलं असणार. मी तसं विचारलंसुद्धा. संपादक हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही संशयी आहात असं ऐकलं होतं." कोणाकडून ऐकलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि ते अजून माझ्या डोक्यात आहे.

माझे मिस्टर बँकेतून निवृत्त झाले. ते सगळ्यांना सांगतात, "हिला कोणी पेढा दिला तर ही आधी विचारते कशाचा, मग सांगितलेलं कारण खरं आहे का ते बघते, आणि तोवर पेढा वाळून जातो." असू दे. ज्याच्या हातात पाणीपुरवठा आहे त्याने भोळं राहायचं ठरवलं, तर लोकांच्या घशाला कोरड पडेल. संशय हा माझा मूळचा स्वभाव की नोकरीने लावलेली सवय, हे आता मलाही सांगता येत नाही.

स्थावर विभाग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण विद्यापीठात पाच-पाच वर्षं काढलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. वर्गातला पंखा बंद पडला, संडास तुंबला, व्याख्यान चालू असताना छत ठिबकायला लागलं, की ज्यांच्या नावाने लोक खडे फोडतात ते आम्ही. सगळं नीट चाललं असेल तर आमची आठवण कोणाला येत नाही. आमचं विद्यापीठ चिकलठाणा मागे टाकून जालना रोडने पुढे गेलं की आत माळावर आहे. नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, नाही ओळखलं तर बरंच. माळ म्हणजे वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, उतारावरून पळत भिंतीबाहेर जातं. आणि शहराचं म्हणाल तर नळाला पाणी येण्याचा एक 'दिवस' असतो. औरंगपुऱ्यातली माझी बहीण त्या दिवशी जवळच्या लग्नालाही जात नाही. 'आज आमच्याकडं पाणी आहे' एवढं सांगितलं की तिला कोणी आग्रह करत नाही. अशा गावात हजारो पोरांना पाणी पुरवायचं म्हणजे डोळे मिटून चालत नाही.

'इथे पाणी मुरतंय' हे आपण दोन अर्थांनी म्हणतो. एक खरोखरचं पाणी, आणि दुसरं म्हणजे इथे काहीतरी काळंबेरं आहे. आमच्या कार्यालयात या दोन अर्थांनी फार घोटाळे केले. लेखा विभागाच्या भिंतीला एकदा ओल आली होती. मी पाहणी केली आणि शेरा मारला, 'लेखा विभागात पाणी मुरत आहे.' दुसऱ्या दिवशी लेखाधिकारी लालबुंद होऊन माझ्या टेबलापुढे उभे. मी त्यांना हाताला धरून नेलं आणि भिंत दाखवली. भिंत बघूनही त्यांचा राग गेला नाही. ते एवढे का चिडले, ही शंका माझ्या मनातून आजपर्यंत गेलेली नाही.

पर्यावरणाचंही असंच. वसुंधरा दिनाला आमच्याकडे भाषण असायचं, मंडप असायचा, प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून पाणी असायचं, आणि वीज गेलीच तर असावा म्हणून माझ्याकडे जनरेटरची मागणी यायची. दर पावसाळ्यात वृक्षारोपण. खड्डे ठेकेदार खणायचा, झाडं पाहुणे लावायचे. मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालणार, हे विचारणारी मी एकटी, त्यामुळे मला कोणी बैठकीला बोलवायचं नाही. एका वर्षी मी काय केलं, लागवडीच्या आदल्या दिवशी काही खड्ड्यांच्या तळाशी निळ्या रंगाने रंगवलेल्या विटा पुरून ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात ठेकेदार 'नवे' खड्डे दाखवायला घेऊन गेला. आमचे फिटर बाबूराव बरोबर होते. मी त्यांना म्हटलं, जरा तळाशी हात घाला. पहिल्याच खड्ड्यातून निळी वीट निघाली. ठेकेदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही ईट तुमची व्हय? मला वाटलं जमिनीतच असती अशी." दुसऱ्या खड्ड्याकडे जायला तो तयार होईना.

हे झालं किरकोळ. जे सांगायला बसले आहे ते नोकरीच्या शेवटच्या काळातलं आहे.

वरून आदेश आला की परिसर हरित करायचा. उन्हाळ्यात मूल्यांकन समिती येणार होती. विद्यापीठाला दर्जा देणारी ही बाहेरची समिती. ती येणार म्हटलं की विद्यापीठात, मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धावपळ सुरू होते. कुलसचिव म्हणजे विद्यापीठाचा कारभार ज्यांच्या हाती असतो ते साहेब. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं पाणी कुठं कुठं मुरतंय ते शोधा आणि बंद करा."

"कोणत्या अर्थाने, साहेब?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. मी मुकाट्याने बाहेर आले.

गळती शोधायची रीत जुनी आणि साधी आहे. जमिनीखालच्या पाइपवर लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं आणि दुसरं टोक कानाला लावायचं. पाइप चांगला असेल तर काही ऐकू येत नाही. फुटलेला असेल तर आत कोणी कुजबुजतंय असं वाटतं. त्यासाठी शांतता लागते, म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. परिसर रिकामा, वर्गांना कुलपं. मी आणि बाबूराव भर दुपारी सळई घेऊन माळभर फिरत होतो. एका सुरक्षारक्षकाने आम्हाला लांबून बघितलं आणि दोनदा येऊन विचारलं की नक्की काय चाललंय. मला तो माणूस आवडला.

ग्रंथालयाच्या मागे उताराला कडुलिंबाची तीन झाडं होती. माळावरची बाकीची लिंबं खुरटी, आणि ही तीन अशी डेरेदार की एरवी मधल्या सुट्टीत पोरंपोरी त्यांच्याखालीच सापडायची. तिथे सळई टेकवली आणि कानात सूं असा आवाज आला. मी सळई बाबूरावांकडे दिली. त्यांनी ऐकलं, झाडांकडे बघितलं आणि म्हणाले, "लई जुनी गळती हाय मॅडम. ही लिंबं उगंच नाय माजली."

खणलं तर पाइपाचा सांधा उकललेला. किती वर्षं उकललेला होता, देव जाणे. आम्ही सांधा बदलला, माती लोटली. त्या आठवड्यापासून मुख्य टाकी भरभर भरायला लागली आणि टँकर कमी झाले. मला शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र मिळालं. शाल घरी नेऊन धुऊन बघितली, रंग गेला. नारळ मात्र चांगला निघाला.

आणि वाचलेल्या पाण्याचं काय झालं? मुख्य इमारतीपुढे जे लॉन होतं ते वाढवून पार फाटकापर्यंत आणलं. मधोमध कारंजं बसवलं. समितीला गाडीतून उतरल्याबरोबर हिरवंगार दिसलं पाहिजे, असा विचार. मला तो पटला नव्हता, पण पाणी वाचवायचं काम माझं आणि ते खर्चायचं काम दुसऱ्यांचं, अशी आमच्याकडे वाटणी होती.

महाशिवरात्रीच्या सुमारास मुलींच्या वसतिगृहाची विहीर खाली जायला लागली. हे वसतिगृह परिसराच्या पार खालच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीजवळ. बांधलं तेव्हा पाइपलाइन पुढच्या वर्षी टाकू म्हणाले, आणि ते पुढचं वर्ष आलं नाही. त्यामुळे त्या मुली एका जुन्या विहिरीवर जगत होत्या. ती विहीर भर उन्हाळ्यातही कधी दगा द्यायची नाही, म्हणून तर कोणाला पाइपलाइनची घाई नव्हती. या वर्षी मात्र मोटर सुरू केली की थोड्याच वेळात गाळ ओढायला लागली.

कुलसचिवांनी ठरवून टाकलं, की परीक्षा संपल्या की एप्रिल-मे वसतिगृह बंद. मुलींनी घरी जावं. कागदावर यात गैर काही नव्हतं.

तेव्हा सविता निकम माझ्याकडे आली. पिशोरची मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. घरी शेती आणि भाऊ. चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला उन्हाळाभराचं प्रशिक्षण मिळालं होतं. काम पसंत पडलं तर पुढे तिथेच नोकरी. दारात उभी राहून तिने विचारलं, "मॅडम, हॉस्टेल बंद होणार का? व्हय का नाय तेवढं सांगा."

मी म्हटलं, "दोन महिने बाहेर खोली घे की."

"घरचे खोलीवर नाय राहू देणार. हॉस्टेल हाय म्हणून तर वडलांनी इथं ठिवलंय. हॉस्टेल बंद झालं की भाऊ गाडी घिऊनच येईल. आणि एकदा घरी गेले की परत येणं नाय, मॅडम. दोन ठिकाणं बघून ठिवलीत त्यांनी." ठिकाणं म्हणजे स्थळं. रडण्याचा तिचा बेत दिसत नव्हता. फळ्यावरचं गणित सांगावं तसं तिने सांगितलं.

मला आधी तिचाही संशय आला. मुली वसतिगृहात राहायला काय काय कारणं सांगतात ते मी ऐकलेलं आहे. मी त्या कारखान्यात फोन करून विचारलं. खरं निघालं. मग मात्र मला चैन पडेना. मी स्वतः तिच्या वयाची असताना अशी भावाच्या गाडीत बसले असते तर आज सळई कानाला लावून उभी नसते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

विहीर आटते म्हणजे कोणीतरी उपसतंय, असं माझं मत. मी विहिरीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. टँकरवाल्यावर नजर ठेवली, कारण हा गडी आमच्या टँकरमधून वाटेत एका सोसायटीला पाणी देताना पूर्वी सापडला होता. वसतिगृहाच्या मेसवाल्याला विचारलं की भांडी किती वेळा घासतोस. तो दुखावला आणि त्या दिवसापासून मला चहा द्यायचं विसरायला लागला. काहीच हाती लागलं नाही, आणि पाणी आणखी खाली गेलं.

मग माझी नजर सय्यद सरांवर गेली.

सय्यद सर भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. उंच, सावळे, डोक्यावर कायम टोपी, हातात काठी. ग्रंथालय आणि वसतिगृह यांच्या मधे दगडाची एक जुनी खदान आहे, बंद पडलेली. सर्व इमारतींच्या छपरांचं पावसाचं पाणी त्या खदानीत सोडा, म्हणजे ते जमिनीत जिरेल, असा त्यांचा प्रस्ताव बरीच वर्षं धूळ खात होता. मी त्या प्रस्तावाला कधी विरोध केला नाही, पण मला एक गोष्ट ठाऊक होती. सरांचं घर विद्यापीठाच्या भिंतीला लागून, उताराच्या खालच्या अंगाला होतं, आणि अंगणात बोअर होतं. पाणी विद्यापीठाने जिरवायचं आणि वर यायचं सरांच्या अंगणात, असा माझा हिशेब. आता तर सर रोज सकाळी वसतिगृहाच्या विहिरीभोवती घुटमळताना दिसत होते.

एके दिवशी मी त्यांना तिथेच गाठलं. आडपडदा न ठेवता विचारलं, "सर, तुमचं बोअर किती खोल आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवले. "मॅडम, शक करना है तो पूरा करो. आधा कायकू करते? चला, माझ्या घरी चला, मोटर लावून दाखवतो."

मी गेले. मोटर लावली. बोअरमधून थोडं पाणी आलं आणि मग हवाच यायला लागली. त्यांच्या बेगमने मला शरबत दिलं, त्यातला बर्फ बघून मला विचारावंसं वाटलं की पाणी विकतचं का, पण विचारलं नाही.

"दिवालीके बाद से ऐसाच है," सर म्हणाले. "पूर्वी उन्हाळ्यातही बोअर असं नाही करायचं. तुमची विहीर आणि माझं बोअर, दोन्ही एकदम खाली गेलेत. चोर असेल तर दोघांचा एकच आहे. तो शोधा."

मी विचारलं, "आणि तुमचा तो खदानीचा प्रस्ताव? त्यात तुमच्या बोअरचा फायदा नाही?"

"हौ, है ना," ते म्हणाले. "माझ्या बोअरचा आहे, खालच्या वस्तीतल्या हापशाचा आहे, तुमच्या विहिरीचा आहे. मतलब के बगैर पानी की फिकर कौन करता मॅडम?"

इतकं सरळ उत्तर मला सहसा मिळत नाही, त्यामुळे मी जरा गोंधळलेच. परत येताना मी गाडीने न येता उताराने चालत आले. दिवाळीनंतर. दिवाळीत कोण आलं होतं, कोणी मोटर बसवली, कोणी बोअर मारलं, हेच डोक्यात. ग्रंथालयामागे आले आणि थबकले. लिंबाच्या तिन्ही झाडांची पानं पिवळी पडून गळत होती. चैतात लिंब नव्या पालवीने भरलेला असतो. ही झाडं निम्मी उघडी झाली होती.

आणि मग मला कळलं. दिवाळीत मी आणि बाबूराव आलो होतो.

गळतीचं पाणी इतकी वर्षं वाया जात नव्हतं. ते लिंबांना मिळत होतं, तिथून मुरमातून झिरपत खदानीखाली, तिथून विहिरीला आणि भिंतीपलीकडे सरांच्या बोअरला. विहीर कधी आटत नाही म्हणून आम्ही तिचं कौतुक करायचो, आणि ती आमच्याच फुटक्या पाइपावर पोसलेली होती. पाणी कुठे मुरतंय ते शोधून आम्ही बंद केलं होतं. अगदी सांगितल्याप्रमाणे. पाणी कोण नेतंय याचा संशय मी साऱ्या माळावर घेत फिरले. पाणी थांबवलं कोणी, हा प्रश्न काही मनात आला नव्हता. मी बाबूरावांना बोलावून झाडं दाखवली. ते बुंध्याला हात लावून म्हणाले, "आपल्याला शाल दिली त्यांनी."

दुसऱ्या दिवशी मी कुलसचिवांकडे गेले आणि सविताच्या अडचणीसकट सगळं सांगितलं. गळतीचं वाचलेलं पाणी लॉनवर जातंय, ते पाणी उन्हाळाभर वसतिगृहाला द्या, असं म्हटलं. मुख्य टाकीपासून उतार आहे, शेतात टाकतात तसला काळा पाइप टाकला तर पाणी आपोआप खाली जाईल.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे गळती काढली म्हणून विहीर आटली, असं मी लिहू? त्याच गळतीवर आपण समितीच्या अहवालात अख्खं पान दिलंय."

"लिहू नका. फक्त पाणी द्या."

"आणि लॉन? समिती हरित परिसर बघायला येणारे, मॅडम. पिवळा नाही." मग आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "ती पिशोरची मुलगी कोण? तुमच्या नात्यातली आहे का?"

'नात्यातली' या शब्दाचा कार्यालयात काय अर्थ होतो, ते मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कळतं. आमच्या वडिलांनी घरात बाबासाहेबांची तसबीर लावली आणि पोरींना शाळेत घातलं. तेव्हापासून मी कोणासाठी एक शब्द टाकला की आधी हा प्रश्न येतो. आयुष्यभर मी लोकांचा संशय घेतला, पण माझा संशय घेणाऱ्यांना कधी विटा पुराव्या लागल्या नाहीत. मला राग आला, आणि तो मी गिळला नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "ती निकम आहे. नात्यातली असेल तर तुमच्या असेल."

साहेब खाली बघून कागद सारखे करायला लागले. मी उठून जायला हवं होतं, पण तिथेच मला अजून एक गोष्ट सुचली.

"साहेब, समितीतली माणसं बाहेरची असली तरी पेपर वाचतात," मी म्हटलं. "या शहरात लोक पाण्याच्या दिवसाची वाट बघत बसतात, हे त्यांना माहीत असणार. भर मे महिन्यात ते आपल्या फाटकातून आत येतील आणि फाटकापासून इमारतीपर्यंत हिरवंगार लॉन बघतील. मी त्यांच्या जागी असते तर मला पहिला प्रश्न काय पडला असता, सांगू?"

"काय?"

"की इथे पाणी कुठून येतंय, आणि कोणाचं तोडून येतंय. आणि दुसरा प्रश्न, मुलींचं वसतिगृह बंद का."

साहेब मागे टेकले. संशयी माणूस दुसऱ्याच्या संशयाला फार घाबरतो, हे मी स्वतःवरून जाणते. ते खिडकीतून लॉनकडे बघत म्हणाले, "पिवळं पडलेलं दिसलं तर काय सांगायचं?"

"पाटी लावा. 'या हिरवळीचे पाणी मुलींच्या वसतिगृहास दिले आहे.'"

पाटी लागली. पण माझं वाक्य त्यांनी बदललं. 'जलसंवर्धन धोरणांतर्गत हिरवळ विश्रांतीस' असं त्यावर होतं. वसतिगृहाचा उल्लेख गाळला तेव्हाच मी समजले की श्रेय कुठे जाणार. ते जाऊ दे. बाबूरावांनी काळा पाइप उतारावरून सोडला, आणि ज्या दिवशी वसतिगृहाच्या टाकीत पाणी पडलं त्या दिवशी सविता निकम सकाळी टाकीपाशी उभी होती. पाइपाच्या तोंडाशी हात धरून तिने पाणी बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कारखान्याची बस पकडायला पळत गेली. भाऊ गाडी घेऊन आला होता म्हणे. वसतिगृह चालू आहे असं रेक्टरबाईंनी लिहून दिल्यावर तो चहा पिऊन परत गेला.

समिती आली. पिवळं लॉन बघून तिचे अध्यक्ष गाडी थांबवून उतरले आणि त्यांनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. कुलसचिव साहेबांनी त्यांना 'आमचं धोरण' समजावून सांगितलं, तेव्हा मी मागे उभी होते. अध्यक्ष म्हणाले, इतक्या विद्यापीठांत फिरलो, पण लॉन वाळवायची हिंमत कोणी दाखवली नव्हती. त्यांना खरोखर पटलं होतं की जेवणाची वेळ झाली होती, ते मला नक्की सांगता येणार नाही. त्या भरात सय्यद सरांचा खदानीचा प्रस्तावही मंजूर झाला. पाणी भिंतीबाहेर जाईल अशी हरकत कोणीतरी घेतली. त्यावर सर म्हणाले, "जायेगा ना. मेरे घर भी जायेगा. लिहून घ्या." लिहून घ्या म्हटल्यावर कोणी लिहिलं नाही. पावसाळ्याआधी छपरांचे पाइप खदानीकडे वळवले गेले. लिंबाची दोन झाडं वाचली, एक गेलं. त्याचं मला वाईट वाटतं, आणि कार्यालयात तसं वाटणारी मी एकटीच असावी.

पण हे पुढचं झालं. समिती गेल्यानंतरच्याच आठवड्यात कुलसचिवांनी मला पुन्हा बोलावलं. "मॅडम, सुट्टीत वसतिगृहात मुली राहिल्यात मोजक्याच. आणि टाकी दुपारीच रिकामी होते. पाणी कुठं मुरतंय ते बघा जरा."

मला त्यांचं म्हणणं पटलं. मलाही तीच शंका होती. मी न कळवता वसतिगृहात गेले. टाकी तपासली, नळ तपासले, कुठे ठिबकत नव्हतं. मग जिना चढून गच्चीवर गेले. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. राहिलेल्या मुलींच्या मानाने ते कितीतरी जास्त होते. टॉवेल, ओढण्या, एका टोकाला कुठल्यातरी नर्सिंग कॉलेजचे पांढरे गणवेश, एका कोपऱ्यात पोलीस भरतीच्या तयारीच्या मुली घालतात तसल्या ट्रॅकपँट. उन्हाळ्यात शहरातली बाकीची वसतिगृहं बंद झाली होती. त्या सगळ्या मुलींचे भाऊ गाड्या घेऊन निघाले असणार, आणि एक वसतिगृह चालू आहे हे कोणीतरी त्यांना सांगितलं असणार.

मागून जिन्यात चपला वाजल्या. सविता होती. आज कारखान्याला सुट्टी असावी. ती दारातच थांबली, दोऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "एका गादीवर दोघी दोघी झोपतोय. रेक्टर मॅडमला म्हाईत नाय. तुमी बी इचारू नका, किती जणी हायेत."

मी एक ओढणी वाऱ्याने सरकली होती ती नीट केली आणि खाली उतरले.

कार्यालयात साहेब वाट बघत होते. "सापडलं?"

"हो साहेब. टाकीचं झाकण उघडं राहतंय. बाष्पीभवन होतंय."

"एवढं?" साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना संशय आला होता, तो मला ओळखू येतो.

"यंदा ऊन लई आहे," मी म्हटलं.